अभ्यासातील एकाग्रता

अभ्यासातील एकाग्रता म्हणजे वाचन, लेखन, पाठांतर किंवा गणिते सोडवणे चालू असताना चित्त हाती घेतलेल्या विषयावर ठेवण्याची आणि ते ढळल्यास पुन्हा त्याच विषयाकडे आणण्याची क्षमता होय. नित्याच्या बोलण्यात तिला 'लक्ष लागणे', 'मन लागणे' किंवा 'चित्त थाऱ्यावर असणे' असे म्हणतात. एकाग्रता हा विद्यार्थ्याच्या स्वभावाचा गुण असून तो काहींना लाभतो व काहींना लाभत नाही, अशी समजूत रूढ आहे. मानसशास्त्रातील प्रयोग आणि दाट वस्तीच्या शहरांतील विद्यार्थ्यांचा अनुभव पाहता ती बऱ्याच अंशी बसण्याची जागा, कानावर पडणारा आवाज, अभ्यासाची रीत आणि विश्रांती यांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात हा विषय मुख्यतः ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात मांडला आहे. लहान घरे, लोहमार्गालगतची वस्ती, दूरचा प्रवास आणि या अडचणींतून मार्ग काढण्यासाठी निघालेल्या अभ्यासिका या सर्व गोष्टी या परिसरात एकत्र आढळतात.

संज्ञा

'एकाग्र' हा शब्द 'एक' आणि 'अग्र' या दोन पदांपासून बनला आहे. ज्याचे टोक एकाच बिंदूवर रोखलेले आहे, ते एकाग्र. पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध अशा पाच भूमी सांगितल्या आहेत. त्यांपैकी 'विक्षिप्त' हा शब्द आजच्या मराठी वाचकाला चकवतो. मराठीत विक्षिप्त म्हणजे तऱ्हेवाईक. भाष्यातील विक्षिप्त चित्त म्हणजे बहुतांशी चंचल, परंतु मधूनमधून स्थिर होणारे चित्त. परीक्षेच्या तोंडावर पुस्तक घेऊन बसलेल्या सर्वसाधारण विद्यार्थ्याची अवस्था हीच असते, आणि पाच भूमींच्या क्रमात एकाग्र भूमी तिच्या लगेच पुढची आहे.

मराठीत याच अर्थछटेचा 'अवधान' हा जुना शब्द आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधानच मागितले आहे. मानसशास्त्रावरील मराठी लेखनात 'अवधान' हा शब्द एखाद्या गोष्टीकडे लक्ष जाण्याच्या क्रियेसाठी वापरला जातो. ते लक्ष काही काळ तेथेच टिकवणे, या अर्थी 'एकाग्रता' हा शब्द वापरणे सोयीचे ठरते.

लक्ष टिकण्याचे स्वरूप

अमेरिकी तत्त्वज्ञ व मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्रविषयक ग्रंथात लक्षाच्या स्वरूपाचा विस्ताराने विचार केला आहे. त्यांच्या मते, प्रयत्नपूर्वक दिलेले लक्ष सलगपणे काही सेकंदांपेक्षा अधिक टिकत नाही. आपण ज्याला टिकलेले लक्ष समजतो, ते भरकटलेले मन विषयाकडे पुनःपुन्हा आणण्याच्या अनेक लहान प्रयत्नांची मालिका असते. विषयात नवे काही दिसू लागले की हे प्रयत्न कमी पडतात आणि मन आपोआप रमते. हे मत मान्य केल्यास मन भरकटणे हा दोष उरत नाही. ते भरकटल्याचे ध्यानात येण्यास किती वेळ लागला, एवढाच प्रश्न राहतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारवर नजर ठेवणाऱ्या सैनिकांच्या चुका का वाढतात, याचा शोध नॉर्मन मॅकवर्थ यांनी केंब्रिज येथे घेतला. घड्याळासारख्या तबकडीवर फिरणारा काटा क्वचित एखादी दुप्पट उडी घेत असे, आणि ती उडी टिपणे एवढेच काम होते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या अर्ध्या तासानंतर निरीक्षकांच्या नजरेतून सुटणाऱ्या उड्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढत होते. हा निष्कर्ष अत्यंत एकसुरी कामाविषयी आहे, हे विसरून त्याचा आधार घेत 'मुलांचे लक्ष अमुक मिनिटेच टिकते' असे ठाम आकडे सांगितले जातात. तसा सर्वांना लागू पडणारा आकडा नाही. पतंग बांधणारा किंवा बुद्धिबळाचा डाव मांडून बसलेला मुलगा दोन-दोन तास जागचा हलत नाही, हे प्रत्येक घराने पाहिलेले आहे.

जागेचा प्रश्न

अभ्यासाला स्वतंत्र जागा नसणे ही मुंबई व तिच्या उपनगरांतील जुनी अडचण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे विद्यार्थिदशेतील कुटुंब परळ येथील चाळीत एका खोलीत राहत असे. त्यांच्या चरित्रांत नोंदल्याप्रमाणे ते रात्री लवकर झोपत आणि घरातील सर्व निजल्यावर, पहाटे दोनच्या सुमारास वडील त्यांना उठवत. मग दिव्याच्या उजेडात अभ्यास चाले. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोड येथील बागेत वाचत बसत. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची त्यांच्याशी ओळख झाली आणि १९०७ साली आंबेडकर मॅट्रिक झाल्यावर केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. या प्रसंगाकडे बहुधा जिद्दीचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. त्यात व्यवस्थेचा भाग तितकाच आहे. जागा मिळत नसल्याने वेळ बदलून घेतली गेली, आणि ती वेळ पाळण्याची जबाबदारी वडिलांनी उचलली.

ठाणे व कल्याण-डोंबिवलीची वाढ लोहमार्गाच्या आधाराने झाली. भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी धावली व पुढील वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरगाव, दादर, लालबाग येथील चाळींतून अनेक मराठी कुटुंबे ठाणे, डोंबिवली व कल्याणकडे सरकली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. ठाण्यातील वागळे इस्टेट व डोंबिवलीतील औद्योगिक क्षेत्र यांमुळे कामगारवस्तीही वाढली. चाळीतील एका खोलीच्या जागी 'वन रूम किचन' आले, तरी चार-पाच माणसांच्या घरात अभ्यासाचे टेबल मांडण्यास जागा उरली नाही. दिवाणाची कड, स्वयंपाकघरातील ओट्याखालची मोकळी फरशी, गॅलरीचा कोपरा, इमारतीचा जिना आणि उन्हाळ्यात गच्ची या अभ्यासाच्या प्रत्यक्ष जागा होत. वडील रात्रपाळीहून येऊन दिवसा झोपलेले असतील, तर दिवा लावता येत नाही व मोठ्याने वाचता येत नाही. संध्याकाळी तोच दिवाण पाहुण्यांचा होतो आणि रात्री दूरदर्शन संचापुढील माणसांचा.

अशा घरात 'लक्ष देऊन अभ्यास कर' हा उपदेश पालथ्या घड्यावरचे पाणी ठरतो. वर्गात 'लक्ष कुठे आहे तुझे?' असे विचारणाऱ्या शिक्षकांपैकी (त्यांत प्रस्तुत नोंदीचा लेखकही आला) फारच थोड्यांनी 'तू घरी बसतोस कुठे?' असे विचारलेले असते. पहिल्या प्रश्नाला मूल खाली मान घालते. दुसऱ्याला उत्तर मिळते आणि पुष्कळदा त्या उत्तरातच उपाय असतो.

लहान घरात पुढील व्यवस्था उपयोगी पडते. बसण्याची जागा कितीही लहान असली तरी ठरलेली असावी, आणि त्या जागी जेवण, गप्पा व भ्रमणध्वनी टाळावा. नित्याची जागा कालांतराने कामाची खूण बनते. पाटावर बसताच जेवणाची आठवण व्हावी, तसाच हा प्रकार आहे. विद्यार्थ्याचे तोंड भिंतीकडे व पाठ खोलीकडे असावी, म्हणजे हालचाल नजरेत येत नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डाव्या बाजूस ठेवावा, नाहीतर हाताची सावली ओळीवर पडते. लागणारी पुस्तके, पाणी, पट्टी-पेन्सिल आधीच जवळ घ्यावी, कारण उठण्याचे प्रत्येक निमित्त संभाषणाचे निमित्त होते. सर्वांत परिणामकारक, पण कुटुंबांना सर्वांत अवघड वाटणारा उपाय म्हणजे घरातील सगळ्यांनी मिळून पाळायचा एक शांत तास. तो एकट्या मुलावर लादला तर शिक्षा होतो. वडील वर्तमानपत्र आणि आई हिशेबाची वही घेऊन बसली, तर तो सहज पाळला जातो.

आवाज

लोहमार्गालगतच्या इमारतींत राहणारी माणसे 'गाडीच्या आवाजाची सवय झाली आहे' असे सांगतात. झोपेपुरते ते काहीसे खरे असेल; शिकण्याच्या बाबतीत त्याला आधार मिळत नाही. न्यूयॉर्कमध्ये उन्नत लोहमार्गाला लागून असलेल्या एका प्राथमिक शाळेचा अभ्यास अर्लिन ब्रॉन्झाफ्ट व डेनिस मॅकार्थी यांनी १९७५ साली प्रसिद्ध केला. शाळा एकच, विद्यार्थी एकाच वस्तीतले. फरक एवढाच होता की काही वर्ग मार्गाच्या बाजूला व काही विरुद्ध बाजूला होते. मार्गाकडील वर्गांतील मुले वाचनात मागे होती आणि सहावीपर्यंत हे अंतर सुमारे एका वर्षाचे झाले होते. पुढे रुळांखाली रबरी पट्ट्या घातल्या गेल्या व वर्गांना आवाज शोषणारी छते बसवली गेली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात दोन्ही बाजूंच्या मुलांत फरक उरला नव्हता. मुले तीच नव्हती, पण शाळा व मार्ग तेच होते. ठाणे ते कल्याणदरम्यान रुळांलगत असलेल्या शाळांच्या व घरांच्या बाबतीत हा निष्कर्ष ध्यानात घेण्याजोगा आहे. सर्व खिडक्या बंद करणे येथील हवेत शक्य नसते. मार्गाच्या विरुद्ध बाजूची खोली अभ्यासाला देणे, खिडकीला जाड पडदा लावणे व त्या भिंतीला पुस्तकांचे कपाट टेकवणे इतके मात्र करता येते.

सर्व आवाज सारखे नसतात. पंख्याची घरघर किंवा पावसाचा आवाज यांसारखा एका लयीतील ध्वनी फारसा त्रास देत नाही. माणसाचे बोलणे मात्र अधिक त्रास देते. हर्बर्ट कोल व अ‍ॅलन वेल्श यांनी १९७६ साली दाखवून दिले की, ऐकणाऱ्याला न समजणाऱ्या परक्या भाषेतील वाचन कानावर पडत असतानाही आकडे किंवा अक्षरे क्रमाने ध्यानात ठेवण्याच्या कामात चुका वाढतात. समजणारी भाषा असेल, तर वाचताना आणखी अडथळा होतो. म्हणून शेजारच्या खोलीतील मालिकेचे संवाद रस्त्यावरील वाहतुकीपेक्षा अधिक घातक ठरतात, आणि शब्द असलेली गाणी लावून पाठांतर करणे हिताचे नसते. गणिते सोडवताना अनेकांना गाणी चालतात. भाषा व इतिहास या विषयांना सहसा चालत नाहीत.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी क्षेत्रात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ 'रात्र' मानली जाते, आणि शिक्षणसंस्था, रुग्णालये व न्यायालये यांभोवती १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते. लग्नसराई, जयंत्यांच्या मिरवणुका आणि वार्षिक परीक्षा यांचा काळ साधारणपणे एकच असल्याने या मर्यादांचा प्रश्न दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये नव्याने उभा राहतो.

अभ्यासिका

अभ्यासिका म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतःची पुस्तके घेऊन येऊन शांतपणे बसण्याची सार्वजनिक किंवा सशुल्क जागा. वाचनालयात वाचक संस्थेची पुस्तके वाचतो. अभ्यासिकेत संस्थेकडून मिळते ती खुर्ची, मेज, दिवा, पंखा आणि शांतता. या परिसरात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली स्थापन झाले, तर ठाण्यातील मराठी ग्रंथ संग्रहालय १ जून १८९३ रोजी सुरू झाले. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी एक होत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क व ड असे वर्ग पाडून त्यांना अनुदान दिले जाते. वर्तमानपत्रांच्या मेजावर परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी वह्या घेऊन बसू लागले आणि वाचनालयांच्या कडेने अभ्यासिकांची गरज दिसू लागली.

ठाणे महानगरपालिकेने १९८७ साली स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शनासाठी चिंतामणराव देशमुख यांच्या नावाने प्रशासकीय प्रशिक्षण संस्था स्थापन केली. देशमुख हे १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले होते, व १९१८ साली त्यांनी आय.सी.एस. परीक्षेत प्रथम क्रमांक मिळवला होता. अशा संस्थांखेरीज महापालिकांच्या इमारती, देवस्थाने, गणेशोत्सव मंडळे, ज्ञातिसंस्था आणि लोकप्रतिनिधींच्या पुढाकाराने चालणाऱ्या अभ्यासिका या परिसरात आहेत. त्यांपैकी काही मोफत, तर काही नाममात्र शुल्काच्या असतात. अलीकडे स्थानकालगतच्या इमारतींत वातानुकूलित खासगी 'रीडिंग रूम' निघाल्या असून तेथे महिन्याच्या बोलीने राखीव आसन, सामान ठेवण्यास कप्पा व इंटरनेट मिळते.

अभ्यासिकेत लक्ष का लागते, याची कारणे शांततेपलीकडची आहेत. दारात चपला काढणे, नोंदवहीत नाव व वेळ लिहिणे, ठरलेल्या आसनावर बसणे या लहान कृतींनी काम सुरू झाल्याची जाणीव होते. घरी अभ्यास 'सुरू करणे' हीच अवघड पायरी असते. येथे ती घराबाहेर पडतानाच ओलांडलेली असते. दुसरे कारण आजूबाजूला वाचत बसलेल्या मंडळींचे. रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार, इतरांच्या उपस्थितीत सवयीचे काम अधिक चांगले होते आणि नवे, अनोळखी काम बिघडण्याचा संभव असतो. त्यावरून पाहता उजळणी, सरावपत्रिका, टिपणे काढणे यांसाठी अभ्यासिका उत्तम. मुळातच न समजलेला भाग मात्र आधी शिक्षकाकडून किंवा मित्राकडून समजावून घेऊन मग तेथे न्यावा. अभ्यासिकेत प्रश्न विचारता येत नाही, ही तिची मर्यादा आहे.

आणखीही दोष आहेत. पिशवी ठेवून आसन अडवणे आणि दोन तास चहाच्या टपरीवर असणे हा सर्वत्र आढळणारा प्रकार होय. 'आज बारा तास बसलो' हा हिशेब अभ्यासिकेत अभिमानाने सांगितला जातो, परंतु किती पाने झाली याचा हिशेब तितक्या उत्साहाने दिला जात नाही. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या अभ्यासिकांचा लाभ मुलींना कमी मिळतो, कारण परतीचा रस्ता हा त्यांच्या घरच्यांच्या काळजीचा विषय असतो. मुलींसाठी वेगळा कक्ष ठेवणे पुरेसे नाही. दिवसाच्या वेळा वाढवणे व अभ्यासिका स्थानकाच्या किंवा वर्दळीच्या रस्त्याच्या जवळ असणे अधिक उपयोगी पडते. २०२० च्या टाळेबंदीत वाचनालये व अभ्यासिका काही महिने बंद राहिल्या. ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली होती त्यांना तो केवळ खंड वाटला. इतरांना त्याच काळात एका खोलीत दोन भावंडांचे दूरस्थ वर्ग आणि वडिलांचे घरून काम असे सर्व सांभाळावे लागले.

लोकलमधील अभ्यास

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे सुमारे ३४, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४ किलोमीटर अंतरावर आहे. माटुंगा, दादर किंवा त्यापुढील महाविद्यालयांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे दिवसाकाठी दोन ते तीन तास प्रवासात जातात. हा वेळ वाया जाऊ नये म्हणून गाडीत अभ्यास करण्याची रीत येथे जुनी आहे. शेजारी पोथी वाचणारे आजोबा, समोर भाजी निवडणाऱ्या बाई आणि मधल्या चौथ्या सीटवर वही उघडून बसलेली मुलगी हे दृश्य प्रवाशांना नवे नाही.

गाडीत सर्व प्रकारचा अभ्यास होत नाही. नवा पाठ समजून घेणे, लांब उत्तर लिहिणे, आकृती काढणे यांना बैठक लागते. उभ्याने व गर्दीत होण्याजोगे काम म्हणजे आठवणे. सनावळ्या, सूत्रे, शब्दार्थ लिहिलेल्या लहान चिठ्ठ्या खिशात ठेवून, एका स्थानकापासून दुसऱ्या स्थानकापर्यंत एक चिठ्ठी मनात म्हणून पाहणे, ही रीत पुस्तक उघडून धरण्यापेक्षा अधिक फलदायी आहे. स्टीव्हन स्मिथ, आर्थर ग्लेनबर्ग व रॉबर्ट ब्योर्क यांच्या १९७८ सालच्या प्रयोगात एकच शब्दयादी दोन वेगवेगळ्या खोल्यांत शिकलेल्यांना ती तिसऱ्या, अनोळखी खोलीत अधिक आठवली. दोन्ही वेळा एकाच खोलीत शिकलेल्यांना कमी आठवली. परीक्षेचे केंद्र अनोळखीच असते. तेव्हा लक्ष लागण्यासाठी नेमकी जागा असावी आणि उजळणीसाठी जागा बदलावी, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत.

परतीच्या गाडीत अभ्यास करण्याचा आग्रह धरू नये. संध्याकाळच्या गर्दीत तासभर उभे राहिल्यावर लागणारा डोळा हा आळस नव्हे.

भ्रमणध्वनी

भ्रमणध्वनी आता अभ्यासाचेही साधन झाला आहे. शाळा व शिकवणी वर्ग टिपणे व्हॉट्सॲपवर पाठवतात, पाठांच्या चित्रफिती यूट्यूबवर असतात, आणि शंका विचारण्यासाठी मित्रही तेथेच भेटतात. त्यामुळे 'फोन काढून घ्या' हा उपाय फार काळ टिकत नाही. एड्रियन वॉर्ड व सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फोन बंद किंवा आवाज मिटवलेला असूनही मेजावर असेल तर स्मरण व विचार यांच्या चाचण्यांतील गुण कमी होतात, आणि तो दुसऱ्या खोलीत असेल तर तसे होत नाही, असे आढळले. हा परिणाम नंतरच्या सर्व प्रयोगांत दिसलेला नाही, त्यामुळे तो निर्विवाद मानू नये. वाजणारा, थरथरणारा व उजळणारा फोन मात्र लक्ष तोडतो, याबद्दल मतभेद नाही.

व्यवहारात पुढील रीत चालते. दिवसभरात आलेली टिपणे एकाच ठरलेल्या वेळी उतरवून घ्यावी, शक्य तेथे कागदावर छापून घ्यावी आणि अभ्यासाच्या वेळी फोन घरातील मोठ्या माणसाजवळ किंवा अभ्यासिकेच्या कप्प्यात ठेवावा. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे काही विद्यार्थी त्या काळापुरता साधा बटणांचा फोन वापरतात. वेळ पाहण्यासाठी फोन लागू नये म्हणून मेजावर घड्याळ ठेवावे. चार आण्याची वस्तू आणायला बाजारात जाऊन चार रुपयांचा खर्च व्हावा, तसे वेळ पाहायला फोन उचलला की होते.

अभ्यासाची रीत

लक्ष न लागण्याचे एक मोठे कारण पुस्तकातच असते. मागचा भाग कच्चा राहिला असेल तर पुढचा डोक्यावरून जातो, आणि जे डोक्यावरून जाते त्यावर मन ठरत नाही. नववीच्या बीजगणितात 'लक्ष नसलेला' मुलगा बहुधा सहावीच्या अपूर्णांकांत अडलेला असतो. त्याला पुनःपुन्हा तेच प्रकरण वाचायला लावण्याऐवजी आठ दिवस मागच्या इयत्तेचे पुस्तक हाती द्यावे. असा मुलगा मग आपण होऊन तास-तास बसतो, असा अनुभव आहे. मागच्या इयत्तेचे पुस्तक घेण्यात मुलांना कमीपणा वाटतो. तो घालवणे हे शिक्षकाचे काम.

दुसरे कारण म्हणजे नुसते वाचत राहणे. डोळे ओळींवरून फिरतात, पान उलटते आणि मन भलतीकडे असते. यावर पुस्तक मिटून आठवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहता पुन्हा वाचणारे पुढे होते; एका आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांना अधिक आठवत होते. पुन्हा वाचल्याने 'मला येते' असा भास मात्र निर्माण होतो, आणि घोकंपट्टीची मोहिनी त्या भासातच आहे. परिच्छेद संपला की पुस्तक मिटून त्यातील दोन मुद्दे स्वतःच्या शब्दांत म्हणावेत. म्हणता आले नाहीत, तर मन केव्हा भरकटले ते तत्काळ कळते. सायंकाळी शुभंकरोतीनंतर पाढे, पावकी, निमकी म्हणून घेण्याची जुनी चाल हाही आठवण्याचाच सराव होता. तिची टिंगल झाली ती अर्थ न सांगता म्हणवून घेण्यामुळे, म्हणण्यामुळे नव्हे.

कामाचे लहान तुकडे पाडल्याने सुरुवात सोपी होते. फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील घड्याळ लावून २५ मिनिटे काम व ५ मिनिटे विश्रांती अशी पद्धत स्वतःसाठी आखली. ती पुढे 'पोमोदोरो' या नावाने जगभर पसरली. २५ हा आकडा पवित्र नाही. गणितात मन रमले असताना घंटा वाजली म्हणून उठणे हा वेडेपणा होईल. विश्रांतीत फोन हाती घेतल्यास पाच मिनिटांची पस्तीस होतात, म्हणून पाणी पिणे, गॅलरीत उभे राहणे किंवा घरातले एखादे किरकोळ काम करणे बरे.

अभ्यासाला बसल्यावरच राहिलेली कामे आठवतात. मासिकॅम्पो व बाउमायस्टर यांनी २०११ साली दाखवले की अपुरी कामे मनात घोळत राहून पुढच्या कामात व्यत्यय आणतात. ती केव्हा व कशी करायची हे ठरवून टाकले तर, काम पूर्ण न होताही, हा व्यत्यय बराच कमी होतो. शेजारी एक कोरा कागद ठेवून 'उद्या प्रयोगवही देणे', 'मामाला फोन, रात्री नऊ' असे टिपून पुन्हा वाचू लागावे.

झोप

जेंकिन्स व डालेनबाख यांच्या १९२४ सालच्या प्रयोगात शिकल्यानंतर झोपलेल्यांना, तितकाच वेळ जागे राहिलेल्यांपेक्षा अधिक आठवले. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणारा विद्यार्थी हाच लाभ गमावतो. पहाटेचा अभ्यास चांगला असे परंपरेने सांगितले जाते. लहान घरात त्या वेळी शांतता असते हे त्याचे मोठे कारण आहे. किशोरवयात झोपेचे चक्र नैसर्गिकरीत्या उशिराकडे सरकते, म्हणून सर्वच मुलांना पहाट मानवत नाही. सकाळी सातच्या शाळेसाठी सहाला उठणारा मुलगा पुन्हा चारला उठवला जात असेल, तर रात्री नऊला घरातील दिवे मालवले जातात का, हे आधी पाहावे.

वैद्यकीय कारणे

जागा, आवाज व रीत सुधारूनही लक्ष लागत नसेल, तर कारण शरीरात किंवा मनात असू शकते. फळ्यावरचे न दिसणे, कमी ऐकू येणे, रक्तक्षय (मुलींमध्ये विशेषतः) आणि थायरॉइडचे विकार ही साध्या तपासणीत कळणारी कारणे आहेत. शाळेतील शेवटच्या बाकावरील 'चंचल' मुलाला केवळ चष्म्याची गरज असल्याचे अनेकदा निघते. चिंता व नैराश्य यांतही मन एकाग्र होत नाही. अवधान-अभाव व अतिचंचलता या विकाराची लक्षणे बारा वर्षांच्या आत, घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसलेली असावी लागतात. दहावीच्या वर्षी प्रथमच लक्ष उडू लागले, तर आधी दुसरी कारणे शोधली जातात. अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना प्रमाणपत्राच्या आधारे राज्य मंडळाच्या परीक्षांत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. ही प्रक्रिया नववीतच सुरू करणे श्रेयस्कर असते.

ठाण्यात १९०१ साली स्थापन झालेले प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि १९९० पासून इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था मनोविकारांवरील उपचारांबरोबरच विद्यार्थी व पालक यांच्यासाठी काम करते. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली; तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीतही बोलता येते.